नाडीचा बर्मुडा

बर्मुड्याचा शोध कुणी लावला, हे तुम्हाला ठाऊक नसेल. मलाही ते शाळेच्या कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही. पण नव्वद सालानंतरच्या आमच्या कोल्हापुरातल्या कसबा बावड्यात ते शेंबड्या पोरालासुद्धा माहीत होतं, कारण शोध लावणारा गृहस्थ आमच्या घरापासून चौथ्या गाळ्यात बसायचा आणि दिवसातून चार वेळा ते सांगायचा.

"बर्मुडा? माझा हाय त्यो," दौलूमामा मशीनचा पाय न थांबवता म्हणायचे. "टीव्हीवालं मागनं आलं."

दौलूमामा म्हणजे 'दौलत टेलर्स, हाफ पँट स्पेशालिस्ट'. माणूस काटकुळा, गळ्यात कायम टेप. लग्नाला आले तरी टेप गळ्यातच. आहेर करायला वाकले की टेपचं टोक नवऱ्यामुलाच्या मुंडावळ्यांत अडकायचं. स्वतः आयुष्यभर पांढरा पायजमाच घालत आले. फुल पँट शिवून द्यायचे, पण एखाद्यावर उपकार करावेत तशी. "फुल पँटला काय अक्कल लागतीया? दोन नळ्या शिवायच्या. हाफ पँटला डोस्कं लागतंय."

त्यांच्या शोधाचा दावा अगदीच हवेतला नव्हता. आमच्या वेळच्या आया पोराला घेऊन शिंप्याकडे गेल्या की एकच वाक्य बोलायच्या, "वाढत्या अंगाची शिवा." बाकीचे शिंपी मान डोलवून दोन बोटं जास्त धरायचे. दौलूमामा चार बोटं बाहेर वाढवायचे आणि वर चार बोटं कापड आत दुमडून ठेवायचे, पुढच्या सालाला उसवून सोडायला. त्यामुळे जूनमध्ये शिवलेली खाकी हाफ पँट पोटरीवर यायची, दुसऱ्या वर्षी गुडघ्याखाली, आणि तिसऱ्या वर्षी ती खरोखर मापात बसायची तोवर बुडावर कापड इतकं विरलेलं असायचं की बाकावरून उठताना मागे बघून उठावं लागे. माझं सगळं बालपण माझी पँट मला कधी बसतेय याची वाट बघण्यात गेलं.

"आत चार बोटं ठेवलीयात," हे त्यांचं पालुपद. ते फक्त कापडाबद्दल नसायचं. शेजारच्या पाटलांनी घराला भिंत घातली तर मामा रस्त्यात उभं राहून विचारणार, "आत चार बोटं ठेवलीयात न्हवं?" कुणी मुलीची सोयरीक ठरवून आलं की, "देण्याघेण्याचं सगळं एकदम बोलू नगा. आत चार बोटं ठेवा, मागनं उसवायला येतंय." लोक हसायचे. मीही हसायचो. मी तर सगळ्यात मोठ्यानं हसायचो, कारण अंगात तेव्हा तीच एक कला होती.

मग आमच्या गल्लीत केबल आली आणि परदेशातली, समुद्राकाठची माणसं घरात दिसायला लागली. गुडघ्यापर्यंत रंगीबेरंगी पँट, वर काही नाही, हातात नारळ. चौथी-पाचवीतल्या आम्हा पोरांची झोप उडाली. मी घरी जाहीर केलं, मला बर्मुडा पाहिजे. साखर कारखान्याच्या ऑफिसातून दमून आलेल्या वडिलांनी विचारलं, "म्हणजे काय?" मी टीव्हीकडे बोट दाखवलं. वडिलांनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, "ही तर आपल्या दौलूची हाफ पँट!"

दुसऱ्या दिवशी हे वाक्य त्यांनी गमतीनं मामांना सांगितलं. तिथून मामांचा शोध सुरू झाला तो थांबलाच नाही.

रंगाचा भाग मात्र अपघातानं झाला. शाहूपुरीत भूपालशेठ म्हणून पडद्याच्या कापडाचे व्यापारी होते. गाळ्यात ट्रायलसाठी आडोसा पाहिजे म्हणून मामा त्यांच्याकडून एक ठाण घेऊन आले. पिवळ्याधमक कापडावर हिरवे पोपट आणि तळहाताएवढी लाल जास्वंद. आडोसा झाला तरी कापड उरलं. त्या दिवशी मी गाळ्यात उभा होतो. मामांनी एकदा कापडाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "ये पैलवान, हिकडं ये."

पैलवान हे माझं त्यांनी ठेवलेलं नाव. मी तालमीत कधी गेलो नव्हतो. पण खायला मात्र तालमीतल्यासारखं खायचो. माझ्या दोन मांड्या चालताना एकमेकींशी बोलत चालायच्या. अशा देहावर पोपट आणि जास्वंद चढली आणि बावड्यातला पहिला रंगीत बर्मुडा जन्माला आला. पहिल्याच संध्याकाळी मी मुख्य रस्त्यावर तीन फेऱ्या मारल्या. लोक वळून वळून बघत होते. त्याला कौतुक म्हणतात अशी माझी समजूत होती आणि ती पुढे बरीच वर्षं टिकली.

या बर्मुड्यात एक भानगड होती. त्याला कमरेला इलॅस्टिक होतंच, पण इलॅस्टिकच्या आतून नाडीही होती. चांगली जाड, पांढरी, पायजम्याची असते तशी. टीव्हीवरच्या कुणाच्याही बर्मुड्यातून नाडी लोंबत नव्हती. मी तक्रार केली.

"इलॅस्टिक धोका देतंय, पैलवान. नाडी देत न्हाय."

"पण मामा, मला नको. पोरं हसत्यात."

"हसू दे की. माझ्या बर्मुड्याला नाडी असतीया."

त्यात तडजोड नव्हती. पुढे भूपालशेठकडून ठाणावर ठाणं येत गेली, माडाची झाडं, निळे मासे, एकदा तर चहाच्या किटल्या, आणि बावड्यातलं प्रत्येक पोर उन्हाळ्याच्या सुट्टीत मामांचा बर्मुडा घालून हिंडायला लागलं. सगळ्यांना नाडी. कुणाच्या आईनं भांडून बघितलं, कुणी घरी जाऊन नाडी ओढून काढली. मामा रस्त्यात पोराला थांबवायचे, नवी नाडी सेफ्टी पिनला लावून जागच्या जागी ओवून द्यायचे. पोर बिचारं कमरेवर हात ठेवून भर चौकात उभं.

नाडीची निरगाठ बसली की माझी काय अवस्था व्हायची, ते सविस्तर सांगत नाही. एवढंच सांगतो, की शाळेच्या मैदानापासून दौलत टेलर्सपर्यंतचं अंतर मी ज्या वेगानं कापलं त्या वेगानं पुन्हा आयुष्यात कधी पळालो नाही. मामांनी कात्री लावली आणि म्हणाले, "सुरगाठ मारावी रं लगा. सोडायची असती ती गाठ सुरगाठ मारावी."

पण याच नाडीनं एकदा माझी लाज राखली. माझ्या चुलतभावासाठी मुलगी बघायला आम्ही शाहूपुरीत गेलो होतो. मी हट्टानं पोपटांचा बर्मुडा घातलेला. मुलीकडच्या बैठकीत शिरलो आणि बघतो तर खिडक्यांना पिवळे पडदे, त्यावर हिरवे पोपट, लाल जास्वंद. भूपालशेठचं गिऱ्हाईक काय फक्त मामाच नव्हते. खुर्च्या कमी पडल्या म्हणून मी खिडकीशी उभा राहून पोहे खात होतो. मुलीची आजी आली. तिला मोतीबिंदू. ती मोठ्यानं म्हणाली, "ह्यो पडदा असा मधीच का बोळा झालाय गं?" आणि पडदा सरळ करायला म्हणून तिनं माझा बर्मुडा दोन्ही हातांनी धरला आणि जोर लावून खाली ओढला.

इलॅस्टिकनं त्याच क्षणी मान टाकली. नाडीनं धरून ठेवलं. हातातल्या बशीतला एक शेंगदाणासुद्धा मी सांडू दिला नाही, याचा मला अजून अभिमान आहे. लग्न जमलं. वहिनी आजही घरात नवा पडदा लावला की मला बोलावून शेजारी उभं करते.

मामांना हा प्रकार सांगितला तेव्हा त्यांनी हसायला पाहिजे होतं. ते हसले नाहीत. "टिकली न्हवं?" एवढंच विचारलं. "कंबर कशीबी असू दे, टिकली न्हवं?"

दर वर्षी एप्रिलमध्ये, वार्षिक परीक्षा संपली की, मामा मला बोलावून घ्यायचे. त्या वर्षाचं नवं कापड पहिल्यांदा माझ्या अंगावर कापलं जायचं. हा माझा मान होता. दोन ट्रायल व्हायच्या आणि त्या साध्या नसायच्या. "बस. उकिडवा बस. आता झाडावर चढल्यागत कर. आता सायकलवर टांग टाक." मी गाळ्यातल्या स्टुलावर चढून हवेत सायकल मारायचो आणि मामा तोंडात टाचण्या धरून खालून बघायचे. हे चालू असताना त्यांचे प्रश्न चालायचे. तू सकाळी किती वाजता उठतोस? पवायला जातोस का? गोट्या कुठं ठेवतोस? किती गोट्या असत्यात एका टायमाला? पडतोस का? कुठल्या गुडघ्यावर पडतोस?

मी उत्तरं द्यायचो, भरपूर द्यायचो. गोट्या चाळीस असतात, हे मी ठोकून दिलं होतं, असायच्या सात-आठ. मामांनी त्या चाळीस गोट्यांच्या हिशोबानं खिसे एवढे खोल केले की माझा हात कोपरापर्यंत आत जायचा. इतकं कुणी माझ्याबद्दल विचारत नसे. घरात आम्ही तिघं भावंडं. आमच्यात कोण कुठल्या गुडघ्यावर पडलं याची नोंद ठेवायला आईला वेळ नव्हता. मामांना माझ्यात काहीतरी विशेष दिसलंय, अशी माझी खात्री झाली.

त्या कापडातून मामा दोन बर्मुडे कापायचे. एक माझा. दुसरा त्याच लांबीचा, त्याच खिशांचा, नीट घडी घालून वर्तमानपत्रात बांधलेला.

"ह्यो कुणाचा मामा?"

"नमुना हाय. निपाणीला पाठवायचा. येपारी बघनार हाय."

तो नमुना एसटी स्टँडवर न्यायचं काम माझं. निपाणीच्या गाडीच्या कंडक्टरला पुडकं द्यायचं आणि सांगायचं, स्टँडवरच्या रसवंतीवाल्याकडे द्या, माणूस येऊन घेऊन जातो. त्या काळात असं सगळं एसटीनं जायचं, लोणच्याच्या बरण्यांपासून लग्नपत्रिकांपर्यंत. पण मी शाळेत जाऊन काय सांगितलं? आपल्या मापाचा बर्मुडा परराज्यात जातो, म्हणून सांगितलं. निपाणी कर्नाटकात, म्हणजे परराज्यच की. तिकडची पोरं माझ्यावरून फॅशन करतात. माझ्या बाकावरच्या पोरानं विचारलं, "मग तिकडची पोरं बी एवढी जाडी असत्यात व्हय?" मी त्याच्याशी आठवडाभर बोललो नाही.

मामा गाळ्यामागच्या खोलीत एकटेच राहायचे. दुपारी स्टोव्हवर भात टाकायचे, आमच्याकडून कधी आमटी जायची. आमटीचं भांडं नेताना एकदा मी आईला विचारलं, मामांचं घरचं कुणी नाही का? आई म्हणाली, "त्यांना त्यातलं काही विचारत बसू नकोस." मी विचारलं नाही. खरं सांगायचं तर आईनं सांगितलं म्हणून नव्हे. माझ्याकडे बोलायला तेव्हा एकच विषय होता, मी स्वतः, आणि मामा तो आवडीनं ऐकत होते.

दहावीनंतर मी बिघडलो. म्हणजे जीन्स घेतली. नंतर सहा खिशांची थ्री-फोर्थ निघाली तीही राजारामपुरीतनं रेडिमेड आणली. ती घालून गाळ्यासमोरून जाताना मी मान दुसरीकडे वळवली होती. मामांनी हाक मारलीच.

"पैलवान, ह्ये काय हाय? फुल पँट हाय का हाफ?"

"थ्री-फोर्थ हाय, मामा."

"म्हंजे कापड कमी पडलं म्हन की." मला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार. पण ते उठले, गळ्यातला टेप काढला आणि कमरेपासून गुडघ्यापर्यंत माझी लांबी घेतली. "दीड इंच वाढलास," म्हणाले आणि आत गेले. डिप्लोमाच्या तिसऱ्या वर्षापर्यंत दर एप्रिलला ते मला असे कुठे ना कुठे गाठून मोजायचे. एकदा तर बसस्टॉपवर मोजलं. पुडकं मग ते स्वतःच स्टँडवर नेऊन देत. एका एप्रिलमध्ये माझी लांबी आदल्या वर्षाएवढीच भरली. त्यांनी दोनदा मोजून बघितलं आणि जरा पडलेल्या आवाजात म्हणाले, "थांबलास व्हय?" मी म्हणालो, "उंचीला थांबलोय मामा, रुंदीचं सांगता येत नाही." मी माझ्याच विनोदावर हसलो.

बर्मुड्याचा जमाना सरला. पोरं मॉलमधून, रस्त्यावरच्या ढिगातून कपडे घ्यायला लागली. दौलत टेलर्सकडे राहिलं ते फक्त अल्टरचं काम. नव्या जीन्स सगळ्यांना लांब व्हायच्या, त्या कापून द्यायच्या. "पयलं मी आत चार बोटं ठेवायचो," मामा एकदा म्हणाले, "आता दिवसभर लोकांच्या पँटी चार बोटं कापतोय." बर्मुडा आपला शोध आहे हे सांगणं त्यांनी कधी बंद केलं, ते माझ्या लक्षातही आलं नाही.

मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत चिकटलो होतो. आम्ही पंपांच्या बॉडी ओतायचो आणि माझं काम गावोगाव फिरून ऑर्डरी आणणं. असाच एकदा निपाणीत एका मोटर वायंडिंगच्या दुकानात गेलो. मालक माझ्याच वयाचा, अंगानं शिडशिडीत, कामात मान घातलेला. "बसा की पावणं, ह्येवढं गुंडाळून हुतंय," म्हणत त्यानं कोपऱ्यातल्या कॉटकडे हात केला. कॉटवर एक वाकळ पसरली होती. जुन्या कपड्यांच्या तुकड्यांची, हातानं टाके घातलेली वाकळ, आपल्याकडे घरोघर असते तशी.

मी बसायला वाकलो आणि तसाच राहिलो. वाकळीवर हिरवे पोपट होते. पोपटांच्या शेजारी माडाची झाडं. खाली निळे मासे. एका कोपऱ्यात चहाच्या किटल्या. माझी पाचवी, माझी सहावी, माझी सातवी, सगळी ओळीनं त्या कॉटवर टाकलेली.

"ही... ही वाकळ कुठली?"

"आईनं शिवलीया," तो तारेवरची नजर न काढता म्हणाला. "माझ्या ल्हानपणच्या बर्मुड्यांची. कोल्हापूरवरनं यायचं ते."

"व्यापाऱ्याकडे?"

"कुठला येपारी? आमचं आप्पा पाठवायचं. तिकडं बावड्यात टेलर हाईत." आता त्यानं मान वर केली. "तुमी वळखता?"

मी कॉटवर बसलो. पोपटांवर बसलो. मला एवढंच म्हणता आलं की मीही बावड्यातलाच.

त्याचं नाव सागर. तो दोन वर्षांचा असताना घरात काहीतरी बोलाचाली झाली, आई त्याला घेऊन माहेरी निपाणीला आली. आप्पा म्हणाले, गेली तशी येऊ दे. आई म्हणाली, आणायला आले तर येईन. एवढंच होतं. त्यावर बावीस वर्षं गेली. सागर हे सांगताना चिडलेला नव्हता. बाजारात भाव काय चाललाय ते सांगावं, तसं सांगत होता.

"मग तू कधी गेला नाहीस? सव्वा तासाचा रस्ता आहे."

"बोलवलंच न्हाई की. दर उन्हाळ्यात बर्मुडा यायचा. मी आधी खिशात हात घालून बघायचो, चिठ्ठीबिठ्ठी असंल म्हणून. खिसं लई खोल असायचं. पार तळापत्तुर हात घालायचो." तो जरासा हसला. "काय नसायचं. मग घालायचो आपला."

चाळीस गोट्यांची थाप मी मारली होती. त्या थापेएवढ्या खोल खिशात हा पोरगा दर वर्षी चिठ्ठी शोधत होता. मला माझी इतकी लाज त्या शाहूपुरीतल्या खिडकीशीही वाटली नव्हती. वर्षानुवर्षं मी स्वतःला बावड्याच्या फॅशनचा हिरो समजत आलो आणि मी होतो कोण? दुसऱ्याच्या पोराचं माप. दुकानात लाकडी पुतळा ठेवतात, तो परवडत नाही म्हणून उभा केलेला.

ऑर्डरचं राहिलंच. मी त्याचा मोबाईल नंबर घेतला आणि थेट बावड्यात आलो. संध्याकाळचे पाच वाजले असतील, मामा कुणाच्या तरी जीन्सला दुमड घालत होते. मी आडवळण न घेता सांगितलं, निपाणीला गेलतो, नमुना बघून आलोय.

मशीन थांबलं. माणूस बोलत असताना ते मशीन थांबलेलं मी पहिल्यांदाच बघितलं. कसा आहे, काय करतो, लग्न झालं का, यातलं काहीही त्यांनी विचारलं नाही. विचारलं ते असं.

"बसत हुतं का?"

हे मी विचारलं नव्हतं. आयुष्यभर ज्याच्या अंगावर मापं घेतली गेली, त्या माणसाला तिथं जाऊन एवढी एक गोष्ट विचारायची सुचली नव्हती. मी फोन काढला, तिथंच उभं राहून सागरला लावला आणि म्हणालो, "मामा विचारतायत, बर्मुडे बसायचे का?"

मग तो म्हणाला, "लांबीला बराब्बर बसायचं. कंबरंला ढिलं व्हायचं. मी लई बारीक हुतो. पर नाडी असायची न्हवं, आवळून बांधायचो. आमच्या हितं कुणाच्याच बर्मुड्याला नाडी नसायची."

मी ते जसंच्या तसं मामांना सांगितलं. त्यांनी मान हलवली. "लांबी तुझ्यावर काढता येत हुती, पैलवान," ते म्हणाले. "त्यो तुझ्यापेक्षा चारच महिन्यांनी ल्हान. पर कंबर कुणावर काढू? बापावर गेला का आईवर, मला काय ठावं? म्हणून नाडी. आन त्येच्या एकट्याच्याच पँटीला नाडी कशापायी? म्हणून समद्यांना घातली."

सगळ्या बावड्यातल्या पोरांनी पाच-सहा उन्हाळे कमरेला नाडी बांधून काढले, ते यासाठी. मी त्यांना खिशातल्या चिठ्ठीचंही सांगितलं. सांगू नये असं वाटत होतं, पण सांगितलं. त्यांनी जीन्सची दुमड बोटांनी उगाच सरळ केली, पुन्हा सरळ केली.

"मला वाटलं, त्येचं त्येला कळंल," ते म्हणाले. "येवढं शिवून पाठीवतोय म्हणल्यावर कळंल."

अख्ख्या गावाला आत चार बोटं ठेवा म्हणून सांगणाऱ्या या माणसानं स्वतःच्या भांडणात एक बोटसुद्धा ठेवलं नव्हतं. मला त्यांचा राग आला आणि त्यांना जवळ घ्यावंसंही वाटलं. दोन्ही एकदम वाटत असलं की काय करायचं ते मला येत नाही, म्हणून मी फोन त्यांच्या कानाला लावला. सागर अजून लाईनवर होता.

मामांनी फोन हातात धरला नाही. मीच धरून उभा होतो. ते घसा खाकरून, गिऱ्हाइकाशी बोलतात त्याच आवाजात म्हणाले, "हालो. रविवारी गाळा उघडा असतोय. माप द्यायला ये."

रविवारी मी सकाळपासून गाळ्यात स्टुलावर बसून होतो. मला कुणी बोलावलं नव्हतं. दहाच्या सुमाराला सागर आला. काखेत वाकळ. उंबऱ्यात उभा राहिला, त्याला आत कसं यावं ते कळेना आणि मामांना ये कसं म्हणावं ते कळेना. शेवटी सागरनं वाकळ पुढे केली.

"आईनं दिलीया. कडंनं उसवायला लागलीया. मशीनवर येक टीप मारून द्या म्हणाली."

मामांनी वाकळ घेतली. दोन्ही हातांवर घेऊन बघत राहिले. मासे बघितले, किटल्या बघितल्या, हातानं घातलेले टाके बोटानं चाचपले. मग ती अलगद मशीनवर ठेवली आणि मला म्हणाले, "ऊठ की स्टुलावरनं."

मी उठलो. पोरपणापासून सांभाळलेली माझी नोकरी त्या एका वाक्यात गेली. सागर माझ्या जागेवर, आडोशापाशी, उभा राहिला. तो आडोसा अजून तोच होता, पोपटांचे रंग उडालेले.

मामांनी गळ्यातला टेप काढला. लांबी घेतली, ती त्यांना माहीत होती, तरी घेतली. मग वाकून दोन्ही हात त्याच्या पाठीमागे नेले आणि टेप त्याच्या कमरेभोवती फिरवला. बावीस वर्षांत पहिल्यांदा. टेप दोनदा निसटला. सागरनं हळूच आपलं बोट टेपवर ठेवून तो धरला. मामांनी चष्मा वर केला, आकडा वाचला, पुन्हा मोजला, तिसऱ्यांदा मोजला. टेप काढायला त्यांना वेळ लागत होता आणि आम्ही दोघंही त्यांना घाई करत नव्हतो.

"तीस," ते म्हणाले. लिहून घ्यायला पेन्सिल उचलली, पण लिहिलं नाही. टेप पुन्हा गळ्यात टाकला, सागरच्या कमरेकडे बघितलं आणि आमच्यापैकी कुणालाच उद्देशून नसल्यासारखं म्हणाले, "न्हाय लागायची आता नाडी."